हिवतापाची गोळी आणि मावशीचं म्हातारपण

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

माझी एक मावशी वाईला राहते. वय वर्षे सत्तर. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. रोज रात्री जेवण झालं की ती देवघरातल्या फडताळातून एक डबी काढते आणि त्यातली एक पांढरी गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घेते. पस्तीस वर्षं होऊन गेली, हा तिचा नेम आहे. एखादी एकादशी चुकली असेल, पण गोळी चुकली नाही. अपवाद फक्त एकदाच झाला. त्याची हकिकत पुढे येईलच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी तिच्याकडे गेलो होतो. फराळ करता करता ती म्हणाली, “अरे, तू एवढा इतिहासाचा मास्तर. गडकिल्ल्यांच्या तारखा तुला तोंडपाठ. मग माझ्या या गोळीचा इतिहास सांग की! ही आली कुठून? आणि मी ती मरेपर्यंत घ्यायची का?”

पहिला प्रश्न माझ्या विषयातला होता, दुसरा डॉक्टरांचा. म्हणून मी पहिल्याचा शोध घ्यायचं कबूल केलं आणि दुसरा हसून टाळला. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या पोटात दडलेलं आहे.

मावशीचा आजार सुरू झाला १९८९ साली. शाळेच्या क्रीडास्पर्धा होत्या, दिवसभर मैदानात उभी होती. संध्याकाळी दोन्ही गाल आणि नाकाचा शेंडा लालबुंद झाला. उन्हाचा त्रास असेल म्हणून कोरफड लावली. मग बोटांची पेरं सुजू लागली, बारीक ताप येऊ लागला, केसांचे पुंजके हातात येऊ लागले. वर्षभर संधिवाताचे काढे झाले. अखेर पुण्यात रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि आमच्या घरात कोणी कधी न ऐकलेला शब्द आला, ल्युपस.

या आजाराचं वर्णन करायला आपल्याकडे एक म्हण तयारच आहे, कुंपणानंच शेत खाणं. शरीराची जी प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंपासून आपलं रक्षण करते, तीच उलटते आणि स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर चाल करून जाते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी अधिक होतो, दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात. आणि तो बहुधा ऐन तारुण्यात गाठतो.

डॉक्टरांनी स्टेरॉइडबरोबर क्लोरोक्विनच्या गोळ्या लिहून दिल्या. वाईच्या औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठी वाचून विचारलं, “घरात हिवताप कोणाला झालाय?” मावशी म्हणाली, कोणालाच नाही. तेव्हा त्यानं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. त्याची काही चूक नव्हती. क्लोरोक्विन म्हणजे हिवतापाची गोळी, हे महाराष्ट्रातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. मलेरियाचे कर्मचारी घरोघर येत, भिंतीवर फवारणीची तारीख लिहून जात आणि ताप असलेल्याच्या हातावर त्याच गोळ्या ठेवत. ती गोळी या आजारात काय करणार, हा प्रश्न दुकानदाराला पडला तसा मलाही पडला.

आधी आजाराच्या नावाविषयी. ल्युपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्यानं लचका तोडल्यासारखे दिसतात म्हणून मध्ययुगातल्या युरोपी वैद्यांनी हे नाव दिलं. १८५१ साली काझनाव्ह या फ्रेंच डॉक्टरानं लाल चट्ट्यांच्या प्रकाराला वेगळं नाव दिलं. १८७२ साली व्हिएन्नाच्या कापोसी यांनी दाखवून दिलं, की हा आजार नुसत्या कातडीचा नाही, तो सगळ्या शरीरात शिरू शकतो. पण ओळख पटली म्हणून उपाय सापडला असं झालं नाही. लांडग्याचं नाव कळलं, त्याला हाकलायची काठी मात्र हाती नव्हती.

काठी नव्हती तेव्हा काय होत असे, हे एका बापलेकीच्या गोष्टीवरून कळतं. फ्लॅनरी ओकॉनर ही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली विख्यात कथालेखिका. तिचे वडील १९४१ साली ल्युपसनं वारले. वय पंचेचाळीस. त्यांच्यासाठी डॉक्टरांकडे काहीच नव्हतं. दहा वर्षांनी तोच आजार मुलीला झाला. आईनं तिच्यापासून आजाराचं नाव लपवून ठेवलं, ते तिला १९५२ साली एका मैत्रिणीकडून कळलं.

पण मधल्या दहा वर्षांत जग बदललं होतं. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रुग्णांमध्ये दिसणारी एक विशिष्ट पेशी शोधली. तिच्यामुळे आजार सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येऊ लागला. त्याच वर्षी, त्याच संस्थेत, फिलिप हेंच यांनी संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. फ्लॅनरीला याच कुळातलं एक औषध मिळालं. शरीराला स्वतःचं कॉर्टिसोन बनवायला लावणारं हे संप्रेरक डुकरांच्या ग्रंथींपासून काढत. त्या जोरावर ती आणखी तेरा-चौदा वर्षं जगली. घरी मोर पाळले, पुस्तकं लिहिली. पण खुब्याचं हाड झिजलं, कुबड्या आल्या, आणि १९६४ साली एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली.

बाप पंचेचाळिसाव्या वर्षी, मुलगी एकोणचाळिसाव्या. या दोघांनाही म्हातारपण भेटलंच नाही. १९५५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या दोन संशोधकांनी आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा निदानानंतर चार वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण जिवंत असल्याचं दिसलं. म्हणजे ज्या वर्षी माझी मावशी जन्मली, त्या वर्षी ‘ल्युपस झालेली सत्तर वर्षांची बाई’ ही कल्पनाच कोणाला सुचली नसती. आज चांगले उपचार मिळतात तिथे दहापैकी सुमारे नऊ रुग्ण निदानानंतर दहा वर्षं पार करतात. ल्युपसमधलं म्हातारपण ही इतिहासातली अगदी नवी गोष्ट आहे, आणि ती घडवण्यात या हिवतापाच्या गोळीचा वाटा मोठा आहे.

आता गोळीची कुळकथा. तिचा मूळपुरुष म्हणजे आपलं कोयनेल. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात सिंकोना नावाचं झाड होतं, त्याची साल तापावर देत. १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिये आणि काव्हेंतू यांनी त्या सालीतून कोयनेल वेगळं काढलं. १८६० साली इंग्रजांनी क्लेमंट्स मार्कहॅम यांच्याकरवी सिंकोनाची रोपं हिंदुस्थानात आणवली आणि निलगिरी व दार्जिलिंगच्या डोंगरांत त्यांची लागवड झाली. महाबळेश्वरलाही लिंगमळ्याच्या बाजूला ती करून पाहिली होती, पण आपल्या सह्याद्रीचा मुसळधार पाऊस आणि मग महिनोन्महिने कोरडं हवामान त्या झाडांना मानवलं नाही. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिला केवढा आनंद! “म्हणजे माझ्या गोळीचं आजोळ इथे घाटावरच होणार होतं की!”

ल्युपसशी कोयनेलचा पहिला संबंध आला १८९४ साली. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या पेन नावाच्या डॉक्टरानं चेहऱ्यावरच्या ल्युपसवर कोयनेल दिलं आणि गुण आल्याचं व्याख्यानात सांगितलं. गुण का यावा, हे समजण्याइतकं ज्ञान तेव्हा कोणालाच नव्हतं. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक या वाटेनं फारसं कोणी गेलं नाही.

मग महायुद्ध आलं. १९४२ साली जपाननं जावा बेट घेतलं आणि जगातलं बहुतेक सगळं कोयनेल शत्रूच्या ताब्यात गेलं. दोस्तांच्या फौजा पॅसिफिकच्या जंगलात गोळ्यांनी जेवढ्या पडत त्याहून जास्त हिवतापानं पडू लागल्या. तेव्हा कारखान्यात बनवलेलं मेपाक्रिन नावाचं पिवळं औषध लाखो सैनिकांना रोज सक्तीनं देण्यात आलं. कातडी हळदीसारखी पिवळी व्हायची, सैनिक कुरकुरायचे, गोळ्या थुंकून टाकायचे. पण ज्यांच्या अंगावर चट्टे होते किंवा सांधे दुखत होते, अशा काहींना या गोळ्यांनी आराम पडल्याचं डॉक्टरांच्या नजरेस आलं. युद्ध संपल्यावर, १९५१ साली, लंडनच्या डॉक्टर पेज यांनी मेपाक्रिन दिलेल्या ल्युपसच्या १८ रुग्णांची हकिकत ‘लॅन्सेट’मध्ये छापली. कातडीचे चट्टे तर ओसरलेच, काहींचे सांधेही मोकळे झाले. पेन यांची विसरलेली वाट पुन्हा उघडली.

क्लोरोक्विन त्या आधीच, १९३४ साली, जर्मनीत तयार झालं होतं, पण विषारी म्हणून बाजूला ठेवलं गेलं. युद्धात त्याची पुन्हा पारख झाली. त्याच्या रेणूत थोडा बदल करून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बनवलं गेलं. त्याला १९५५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मावशीला पुढे काही वर्षांनी क्लोरोक्विनऐवजी हीच गोळी सुरू झाली, आणि तीच आजवर चालू आहे.

इथवरची कथा ऐकून मावशी म्हणाली, “सगळं गोडच गोड झालं. खोट कुठे आहे ते सांग.” शिक्षिका ती, तिला फसवणं अवघड.

खोट डोळ्यांत होती. १९५९ साली हॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनहून कळवलं, की क्लोरोक्विन दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब झाला आहे, आणि ही हानी भरून येत नाही. गोळी बंद केली तरी कधीकधी ती पुढे सरकत राहते. हिवतापाला ही गोळी तीन दिवस पुरे, ल्युपसला ती वर्षानुवर्षं लागते, आणि धोका त्या वर्षांच्या बेरजेत होता. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्या मानानं सौम्य, पण निर्धोक नाही. २०१४ साली अमेरिकेत मेलेस आणि मार्मर यांनी ही गोळी पाच वर्षांहून अधिक काळ घेतलेल्या २,३६१ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा घेणाऱ्यांत पहिल्या दहा वर्षांत हा दोष दोन टक्क्यांहून कमी लोकांत आढळला. वीस वर्षांनंतर मात्र तो सुमारे वीस टक्क्यांवर गेला. मूत्रपिंडं मंदावलेली असतील तर धोका आणखी वाढतो, कारण औषध अंगात साचतं.

मग एवढी भीती असेल तर गोळी सोडून का देऊ नये? या प्रश्नाचं उत्तर कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९१ साली शोधलं. आजार शांत असलेले, गोळी घेणारे ४७ रुग्ण त्यांनी निवडले. पंचवीस जणांची गोळी चालू ठेवली, बावीस जणांना हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. सहा महिन्यांच्या आत गोळी चालू असलेल्यांपैकी नऊ जणांचा आजार पुन्हा उसळला. पोकळ गोळीवाल्या बावीसांपैकी सोळा जणांचा उसळला. आजार शांत होता तो गेला म्हणून नव्हे, तर गोळीनं त्याला गप्प बसवलं होतं म्हणून.

ज्याला नको त्याला ती अचानक हवीशी झाली, ते २०२० साल तुम्ही विसरला नसाल. करोनावर ही गोळी चालते अशी जगभर हूल उठली. मार्चमध्ये आपल्याकडे आरोग्य कर्मचाऱ्यांना ती प्रतिबंधक म्हणून सुचवली गेली, २५ मार्चला तिच्या निर्यातीवर बंदी आली, आणि मग अमेरिकेच्या मागणीनंतर एप्रिलमध्ये ती शिथिल झाली. जूनमध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीनं सांगितलं, की रुग्णालयात दाखल झालेल्या करोनाच्या रुग्णांना तिचा फायदा होत नाही. पण तोवर लोकांनी घराघरांत पुड्या साठवून ठेवल्या होत्या. आमच्या मावशीला गाव पालथं घालून गोळी मिळेना. तिनं उरलेल्या गोळ्या पुरवून पुरवून, दिवसाआड घेतल्या आणि कोणाला काही सांगितलं नाही. “तुम्हाला आधीच काळज्या काय कमी होत्या?” जुलैत तिची बोटं तिळगुळाच्या लाडवासारखी सुजली. वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जाईना. स्टेरॉइडची मात्रा वाढवावी लागली, आणि ती खाली आणायला वर्ष गेलं. म्हाताऱ्या हाडांना ते वर्ष महागात पडलं. नंतरच्या पावसाळ्यात अंगणात घसरली आणि मनगट मोडलं.

म्हणून मावशीनं विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे मला गंभीरपणे बघावं लागलं. दिवाळीनंतर मी तिला घेऊन पुण्याला गेलो. डोळ्यांच्या तपासणीत नजरेच्या पट्ट्यात एक डाग संशयास्पद निघाला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, गोळी थांबवावी असं वाटतं. संधिवाताच्या डॉक्टर म्हणाल्या, थांबा, आधी वजन करू या. काटा अठ्ठेचाळीसवर थांबला. मावशी चाळिशीत ऐंशी किलोची होती, तेव्हा ४०० मिलिग्रॅमची मात्रा बरोबर होती. पुढे वजन हळूहळू उतरत गेलं, मूत्रपिंडं वयानुसार मंदावली, पण चिठ्ठीवरचा आकडा तोच राहिला. प्रत्येक वेळी मागची चिठ्ठी बघून पुढची लिहिली गेली. आम्हीही कधी विचारलं नाही. किलोमागे ५ मिलिग्रॅम हा हिशेब तिसरीतल्या मुलानं केला असता: पाच गुणिले अठ्ठेचाळीस, दोनशे चाळीस. मावशी त्याच्या दीडपटीहून जास्त घेत होती. जन्मभर पोरांना पाढे शिकवणारी बाई स्वतःच्या गोळीचा गुणाकार करायचा विसरली होती, आणि तिचा भाचाही.

डॉक्टरांनी मात्रा २०० वर आणली आणि दोघांनी आपसात बोलून ठरवलं, की एका शंकास्पद तपासणीवरून इतक्या वर्षांची ढाल टाकून द्यायची नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या, नेत्रतज्ज्ञांच्या आणि त्वचातज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून हाच सल्ला दिला आहे: गोळी घाईनं बंद करू नये, खात्री करून घ्यावी, आणि निर्णय रुग्णासह सगळ्यांनी मिळून घ्यावा. चार महिन्यांनी मावशीची तपासणी पुन्हा झाली, या वेळी सकाळी, ती ताजीतवानी असताना. पडद्याचा फोटोही काढला. पडदा शाबूत निघाला. आता दरवर्षी तपासायचा.

मग मरेपर्यंत घ्यायची का? याचं एकच एक उत्तर आजही नाही. २०२० साली अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात वयस्कर रुग्णांनी गोळी थांबवल्यावर आजार फारसा उसळलेला दिसला नाही. वय वाढलं की कधीकधी आजारही थकतो. उलट २०२२ साली अनेक देशांतल्या रुग्णांच्या पाहणीत गोळी कमी किंवा बंद केल्यावर आजार उसळण्याचा धोका वाढलेला दिसला. म्हणजे हा निर्णय प्रत्येकीच्या मूत्रपिंडांवर, डोळ्यांवर आणि आजाराच्या स्वभावावर अवलंबून. माझं हे बोलणं ऐकून कोणी आपली मात्रा बदलू नये, हे मी हात जोडून सांगतो. डॉक्टरांना मात्र दरवर्षी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: माझ्या आजच्या वजनाला आणि मूत्रपिंडांना ही मात्रा बरोबर आहे का? आणि डोळे शेवटचे कधी तपासले?

फ्लॅनरीच्या वडिलांना औषध मिळालं नाही. फ्लॅनरीला मिळालं, पण त्याची किंमत तिच्या हाडांनी मोजली. मावशीला औषध मिळालं आणि म्हातारपणही मिळालं. आता त्या म्हातारपणाला शोभेल असं औषध बेतून घेणं एवढंच राहिलंय. अंगाला कपडा सैल होऊ लागला की आपण शिंप्याकडे जातो. मात्रेचंही तसंच आहे.

परवा मावशीकडे गेलो होतो. देवघराशेजारच्या भिंतीवर तिनं पेन्सिलीनं एक ओळ लिहून ठेवली आहे, पूर्वी फवारणीवाले लिहायचे तशी. तारीख, वजन, आणि शेजारी गुणाकार. खाली रेघ मारून उत्तर. उत्तराभोवती तिनं लाल पेन्सिलीनं गोल केला आहे, जसा ती पोरांच्या वहीत करायची.